झोन चार

रुकसाना मुजावर मिरजेहून स्कूटीवर येते,
पाठीवर ड्रिल, डिकीत डबा,
आणि आम्हा तिघा वॉचमनना शिकवते
कुपवाडच्या हळदीच्या गोडाऊनची नवी भाषा.

"आर्म म्हणजे हात नव्हे, पायगोंडाकाका, हत्यारही नव्हे.
आर्म म्हणजे गोडाऊन जागं करून
आपण झोपायला मोकळं."
मी वहीत लिहिलं: आर्म, जागं. डिसआर्म, झोपलेलं.
बत्तीस वर्षं नोकरी केली ती उलटीच,
मी जागा आणि गोडाऊन घोरतंय.

एक्झिट डिले, तीस सेकंद.
कोड दाबल्यावर दाराबाहेर पडायची सवड.
माझ्या गुडघ्यांना पन्नास लागतात.
ती काही बोलली नाही, साठ करून दिले.

फेल-सेफ, फेल-सिक्युअर यात मी तीनदा चुकलो.
वीज गेली की एक कुलूप सुटतं, माणसासाठी,
दुसरं मिटून बसतं, मालासाठी.
आणि माणूस मालापाशीच असला तर?
तिनं ड्रिल खाली ठेवलं.
"तेवढ्यासाठी तर दर दारापाशी थांबून विचार करायचा असतो."

मला हरिपूरचं पेव आठवलं.
बाप हमाल. तोंडावरची माती काढायचे,
पेवाला वारा खाऊ द्यायचे दिवसभर,
मग दोरीनं कंदील खाली.
वात तेवत राहिली तर बाप उतरायचा.
विझली तर सगळे मागं सरायचे, विड्या पेटवायचे
पार लांब जाऊन.
"तो तुमचा डिटेक्टर," रुकसाना म्हणाली,
"विझला की अलार्म. फक्त आवाज नव्हता त्याला."
होता की.
बापाचा. ‘थांबा रे.’

ड्यूरेस कोड मात्र एका दमात समजला.
कुणी मानेवर कोयता ठेवून उघड म्हणालं
तर शेवटचा आकडा एकानं वाढवायचा.
दार निमूट उघडतं, दिवाही हिरवाच,
आणि लांब कुठंतरी कुणाला तरी कळतं.
माझी थोरली इचलकरंजीहून फोनवर
‘बरं चाललंय, आण्णा’ म्हणते,
त्यात शेवटी असाच एक आकडा जास्त असतो.
मी हिरवा दिवा बघून फोन ठेवत आलो.

जेवणानंतर अँटी-पासबॅक.
आत गेलेलं कार्ड बाहेर पडल्याशिवाय
पुन्हा आत घेतलं जात नाही.
पडद्यावर तिनं यादी काढली, आत्ता आत कोण.
आम्ही तिघं. ती. तोलाईचा पोरगा.
आणि खाली, झोन चार,
सिदगोंडा बिरनाळे. आत.

फाल्गुनात थप्पीवरून पडला सिदगोंडा.
आम्ही ताडपत्रीत घालून मागच्या शटरनं काढला,
मशीनला कार्ड दाखवायचं कुणाला सुचणार?
चार महिने झाले.
घरच्यांनी बारावं घातलं, कंपनीनं हिशेब मिटवला,
पॅनल अजून वाट बघतंय.

"रिसेट मारू?" तिनं हळू विचारलं.
माउसवर तिचं बोट, बोटाला हळद.
मी म्हटलं, आजच्या दिवस राहू दे.

ती गेली. आठला शिफ्ट माझी.
झोन एक आर्म. दोन आर्म. तीन.
चारला मी बायपास दिला,
म्हणजे हा भाग जागा ठेवायचा नाही,
आत कुणी हललं तरी ओरडायचं नाही.
कारण लिहिल्याशिवाय मशीन पुढं सरकत नाही.
दुरुस्ती, रंगकाम, उंदीर, असं काहीतरी लिहितात.
मी लिहिलं, हमाल आत आहे.

सकाळी विचारतील. विचारू देत.
गुडघे धरत बाहेर आलो
तर साठातले अकरा सेकंद उरलेले.
दाराला हात लावून उभा राहिलो
ते संपेपर्यंत.