देवडीवरचा

लियेपायाच्या बंदरात, जहाजांवर नजर ठेवायच्या खोलीत,
गिर्त्स अकरा दिवस मान वाकडी करून
पासवर्ड टाकत होता.

तीन पडदे. डावा जुना, मधला रुंद,
उजवा नवा, उभा बसवलेला,
वाऱ्याच्या आणि बर्फाच्या लांबलचक याद्यांसाठी.
आत शिरलं की तिघेही शहाणे.
दाराशी मात्र मधला काळा, डावा रिकामा,
आणि उजव्यावर नावाची चौकट आडवी पडलेली,
अक्षरं भिंतीवर चढणाऱ्या मुंग्यांसारखी.
उंदीर डावीकडे ढकलला
तर बाण वर जायचा.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथे घर जागच्या जागी होतं,
फिरला होता तो दारातला एकच वासा.

"आत गेलास की सरळ होतं ना?" मी विचारलं.
"होतं."
"मग बिघडलंय काय?"
"मान," तो म्हणाला.

सेटिंगमध्ये सगळं जागेवर होतं.
मी दोनदा सगळं मोडून पुन्हा तेच मांडलं,
उगाच, हाताला काम म्हणून.
मग थर्मासातला चहा ओतताना लक्षात आलं:
दार उघडेपर्यंत गिर्त्स तिथे नसतोच.
तिथे दुसराच कुणी असतो.
जीडीएम नावाचा, देवडीवरचा,
ज्याला आपण कधी जेवलास का विचारत नाही.
त्याचं घरही वेगळं. व्हारमध्ये लिब,
लिबमध्ये त्याच्या नावाची खोली.
जाऊन पाहिलं. खोलीत फडताळ होतं,
फडताळात काहीच नव्हतं.
नवा पडदा आला, उभा राहिला,
आतल्यांना कळलं. याला कोण सांगणार?
तो बिचारा अकरा रात्री
सगळे पडदे आडवेच आहेत असं धरून
दिवा लावत होता.

गिर्त्सच्या घरातली मांडणीची फाईल उघडली.
त्यात जुन्या मांडण्याही तशाच. पुसत नाही ती काही.
दोनच पडदे असतानाची, डावा मुख्य:
ती आउस्माची. डावखुरी होती,
निवृत्त होऊन बहिणीकडे गेली कुलडीगाला.
पाच ओळी. उडवता आल्या असत्या.
राहू दिल्या. कुणाला नडतात?

फाईल उचलून देवडीत नेऊन ठेवली.
आता मशीन बंद करून चालू करायचं,
पण पाण्यात लाकडं भरलेलं एक जहाज
धक्क्याकडे सरकत होतं,
आणि नकाशा मिटायची सोय नव्हती.
एक वाजला. दीड. गिर्त्स रेडिओवर
कुणाला तरी हळू, हळू म्हणत होता.
दोन वाजून दहा मिनिटांनी दोर बांधले गेले.
"बारा मिनिटं आहेत," तो म्हणाला.

चालू केलं. तीच आडवी चौकट.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं केलं.
फाईल नेली होती मी, पण मालकी माझीच ठेवून,
कुलूपही माझंच.
पत्र हातात दिलं, वाचायची परवानगी दिली नाही.
एक ओळ. नाव त्याचं केलं.
सात मिनिटं उरली होती.

काळं. मग करडं.
मग मधल्या पडद्यावर, अगदी नाकासमोर,
चौकट उभी राहिली
नुकत्याच इस्त्री केलेल्या कॉलरसारखी.
उजवा शांत. डावा शांत.

गिर्त्स खुर्ची ओढून बसला,
आणि सवयीनं
मान उजव्या खांद्यावर टाकून
पासवर्ड लिहू लागला.

मी थर्मासचं झाकण लावलं.
खाली धक्क्यावर लाकडं उतरत होती,
एकेक ओंडका आडवा.