डोळे मिटायलाच हवेत का?

त्किबुलीत, खाणकामगारांच्या क्लबात,
जिथे पूर्वी बुद्धिबळाचे सामने रंगायचे,
मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता मी शेगडी पेटवते.
अकरा चटया. त्यातल्या दोन जुन्या तंबूच्या कापडाच्या.
सहाला माणसं येतात,
आणि आसनांआधी प्रश्न येतात.

गुलिको विचारते, जेवून आलं तर चालतं का?
काय जेवलीस?
खाचापुरी. अर्धीच.
तिची अर्धी म्हणजे ताट पुसून.
तीन तास जाऊ देत, म्हणते मी,
नाहीतर खाली वाकशील तेव्हा
तुझं चीज तुलाच जाब विचारेल.

सालोमेला पाचवा महिना.
सासू म्हणते घरी बस, शेजारीण म्हणते सगळं कर.
मी म्हणते, आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार,
त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं मला सांग.
तोवर पालथं झोपायचं नाही, पोटाला पीळ नाही,
श्वास कोंडायचा नाही.
भिंत तुझी. खुर्चीही तुझी.

जेमालने कॅलेंडरातून कापून आणलं होतं
डोक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचं चित्र.
हे कधी शिकवणार?
तुझ्या रक्तदाबाला? कधीच नाही.
रुसला. दोन वेळा आला नाही.
तिसऱ्या वेळी सगळ्यांच्या आधी येऊन
पाय भिंतीला टेकवून पडला होता, गोळीची वेळ पाळून.

आणि दुखलं तर?
हे सगळेच विचारतात, हळू आवाजात,
जणू दुखणं ही त्यांचीच चूक.

मी तरुणपणी जिम्नॅस्टिक्स शिकवायचे.
मुलींच्या पाठीवर गुडघा रोवून.
दुखलं म्हणजे जमलं, असं आम्हाला शिकवलेलं,
आम्ही ते पुढे शिकवलं.
त्यातली एक आता कुतैसीला औषधाच्या दुकानात असते.
वरच्या फळीवरचा डबा काढताना
उजवा हात उचलत नाही.
मी पैसे मोजून देते. ती सुटे परत देते.
आम्ही हवेबद्दल बोलतो.

म्हणून: ताण दार वाजवून येतो,
कळ भिंत फोडून येते.
भिंत हलली की थांबायचं,
मी 'अजून थोडं' म्हणत असले तरी.
आणि हात लावण्याआधी मी विचारते. दर वेळी.
नको म्हणालात, तर नको.

ओनिसेने कधी काही विचारलं नाही.
खांदे दारासारखे, गुडघ्यांत वाळू,
सांगेन ते निमूट करायचा.
फक्त शेवटची दहा मिनिटं आली की टोपी उचलून निघायचा.
गाय दोहायची आहे.
दहा आठवडे.
त्याच्याकडे गाय नाही, हे मला मागाहून कळलं.

त्या शेवटच्या आसनाच्या नावाचा अर्थ
मला ठाऊक आहे. या गावात मी तो सांगत नाही.
विश्रांती म्हणते नुसतं.

अकराव्या आठवड्यात तो दाराशी अडला.
टोपी हातात.
एतेरी, डोळे मिटायलाच हवेत का?

तो किती तास खाली होता ते गावाला पाठ आहे.
कुणी आकडा उच्चारत नाही.
आणि मी, दहा आठवडे, दिवे मालवून,
माझ्या मऊ, खास त्या वेळेसाठी कमावलेल्या आवाजात
सांगत होते: जड व्हा. अजून जड.
जमिनीत शिरा.

नाही, म्हटलं. मिटायला नकोत.
आडवं पडायलाही नको.
दिवा राहील.

आता तो दाराजवळ खुर्चीवर बसतो,
पाठ टेकवून, टोपी मांडीवर.
मी वाक्य बदललंय. आता म्हणते:
जमीन खाली आहे. छत वर आहे.
दोन्ही आपापल्या जागी आहेत.
तो एकदा वर बघून खात्री करून घेतो.

गुलिको घोरू लागते. जेमालचं पोट बोलतं.
शेगडीत एक ओंडका खचला की
ओनिसे उठतो, न आवाज करता तो सरळ करतो,
परत बसतो.

गेल्या शुक्रवारी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
मीही चटईवर आडवी झाले.
कुणीतरी जागं होतं.