लाकडी चमचा

जेवणाआधी सगळ्यांनी हात धरायचे, ही इथली रीत.
अकरा माणसं, एक लांब टेबल, बाहेर वोरूचा बर्फ.

लेलोला कुणी शिवलेलं चालत नाही.
तिच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला हेल्दुर,
आणि दोघांच्या मध्ये एक लाकडी चमचा :
दांडा तिच्याकडे, खोलगट तोंड त्याच्याकडे.
कुणी ठरवलं, कधी, कुणालाच आठवत नाही.
तेवढा वेळ हेल्दुरचं पुटपुटणं थांबतं.

आज बटाटे कुणी सोलले यावरून भांडण.
वाइके म्हणे मी, आइवो म्हणे मी.
सालं मात्र माझ्या नखांत.

फोन आला तेव्हा मी सूप वाढत होते.
तार्तूच्या दवाखान्यातून. भावाबद्दल.
मी "बरं" म्हटलं
आणि पळी पातेल्यात सोडून दिली,
अख्खी, दांड्यासकट.

कुणी काही विचारलं नाही.
हेल्दुरने काळ्या पावाचे काप मोजले, पुन्हा मोजले.
मग लेलो उठली,
टेबलाला वळसा घालून आली,
माझ्यापासून हातभर लांब थांबली,
भिंतीकडे बघत
चमचा पुढे केला.

दांडा माझ्याकडे.

सूप निवत राहिलं.
बऱ्याच वेळाने आइवो म्हणाला,
बटाटे मीच सोललेत.