चौथा पडदा

अख्ख्या राज्यात तीन पडद्यांवर लागला म्हणे हा सिनेमा,
तीनही मॉलमधले, एकच आठवडा.
चौथा पडदा आमचा:
चिखल्याच्या खाणीचं कॅन्टीन, भिंतीला ताजा चुना,
मधोमध एक खिळा, काढायचा राहिलेला.

प्रतीक भोंडेकरनं डिस्क आणली जेवणाच्या डब्यातून.
परवानगी एका रात्रीची, एका खेळाची.
दुसरी पाळी वर आली, हातपाय धुतले,
नखांतलं मँगनीज गेलं नाही.
पोत्यांवर बसले सगळे.

जपानातलं शहर. त्याच्या पोटात
तीन जिने उतरून एक तळघर,
छातीत वाजणारं धाडधाड संगीत,
निळ्या केसांच्या पोरी,
आणि अंगभर गोंदलेला एक म्हातारा.
हातात पिठाची लड. ओढतो, दुमडतो, ओढतो.
"ह्या त शेवया हायेत," वच्छला कापगते मोठ्यानं बोलली.
"मंग खाटेवर काऊन नाही वाळवत?"
"खाली ऊन कुठून आणतीन, बाप्पा!"

खालची इंग्रजी अक्षरं प्रतीक मराठीत सांगत होता.
म्हातारा म्हणाला,
वर माझं नाव कोणाला ठाऊक नाही.
प्रतीक पुढचं वाचायला अडखळला
तर अंधारातून दुर्योधन नेवारे बोलला,
"खाली साऱ्याईले ठाऊक आहे."
एकतीस वर्षं पिंजऱ्यातून उतरतो तो.
पडद्यावर तेच होतं का, प्रतीकनं सांगितलं नाही.

मग रस्सा. सुकी मासोळी, कांद्याची पात,
भिंत वाफेनं भरली,
खिळा नेमका वाडग्यात उभा.
पोरींनी सुर्र करून ओढलं
तेव्हा आमच्यातले हसले,
आणि मग हसू बंद झालं,
कारण वास खराच येत होता.

तो माझा होता.
मागच्या चुलीवर मी झिंगे टाकले होते,
लसूण, लाल तिखट,
बाजूला चिन्नोरचा भात उतरवलेला,
तिसऱ्या पाळीसाठी.
सिनेमा संपायच्या आधीच
नेवारे ताट घेऊन आला.
रस्सा त्यानं तोंडाला लावला,
सुर्र केलं, इतक्या जोरात
की भिंतीवरचा म्हातारा दचकला असता.

भोंगा झाला. पाळी उतरली.
प्रतीकनं डिस्क डब्यात घातली,
डबा मी घासून दिला होता,
तरी झिंग्यांचा वास जात नाही.
तसाच गेला तो पुण्याला.