वास

करोनानं माझं नाक नेलं, ते परत दिलं नाही.
फोडणी करपली की मी डोळ्यांनी ओळखते,
दूध उतू जायच्या आधी कानांनी,
आणि सिलिंडर बदलला
की निमिषला हाक : ये रे, हुंगून सांग.

गॅसला म्हणे मुळात वास नसतोच.
तो मुद्दाम घालतात,
रांगत्या पोराच्या पायात घुंगरू बांधावं तसा,
कुठं गेला ते कळावं म्हणून.
हे मला छेडांच्या दुकानात समजलं,
ही पांढरी डबी घ्यायला गेले तेव्हा.
दुसरा गॅस, ते म्हणाले, अर्धवट जळण्यातून होतो,
त्याला कुणी घुंगरू बांधलेलं नाही.
त्याच्यापुढं अख्खं मुलुंड तुमच्यासारखंच, वहिनी,
बिननाकाचं.

मला उगाच बरं वाटलं.
मग लाज वाटली.

कारण डबीचं कारण होता केयूर,
आमच्याच विंगमधला, तळमजल्यावरच्या गावकरांचा.
डिसेंबरातली सकाळ, गॅसचा गीझर,
खिडकीच्या काचपट्ट्यांवर अ‍ॅक्रिलिकचा पत्रा,
कबुतरांना कंटाळून ठोकलेला.
दाराखालून पाणी पॅसेजमध्ये आलं तेव्हा
आई ओरडली : बादली भरली, नळ बंद कर.
दोनदा ओरडली.
ती अजून सांगते, गाल कसे गुलाबी होते,
मला वाटलं, गरम पाण्यानं.

तसाच पत्रा आमच्याकडं.
मीच बसवून घेतलेला, साडेचारशे रुपये मोजून.

मोईन ड्रिल घेऊन आला.
म्हटलं, बाथरूममध्येच लाव.
वाफेनं बिघडेल, म्हणाला,
बाहेर लावू, दारापासून थोडी लांब,
पडद्याआड नको, उदबत्तीच्या धुरात नको,
श्वासाच्या उंचीवर.
कुणाच्या श्वासाच्या?
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग निमिषकडं,
आणि दोघांच्या मधोमध पेन्सिलीनं खूण केली.

बटण दाबलं. चार किंकाळ्या, जरा दम, पुन्हा चार.
समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.
तेव्हापासून दर एक तारखेला
दूधवाल्याचा हिशेब आणि हे बटण.
एकदा मध्यरात्री ती मिनिटाला एकदा टुक करायला लागली,
आम्ही फ्रिज तपासला, मोबाइल तपासले,
पालीलासुद्धा दोष दिला.
बॅटरी संपत आली होती, एवढंच.

पत्रा मात्र काढायचा राहिला.
डबी आहे ना, असं वाटायचं.

जानेवारीत ती खरी ओरडली.
पडद्यावर आकडा, एकशे बारा.
मी हुंगलं, सवयीनं.
काहीच नाही. अर्थात.
सिलिंडरची चावी बंद, खिडकी सताड,
मग दारावर मुठी, दोन्ही हातांच्या.
निमिष बाहेर आला साबणासकट,
टॉवेल कसाबसा धरून, चिडलेला :
झालंय काय तुला?
काही बोलू नकोस, जिना उतर.

दुसऱ्या मजल्यावर दार किलकिलं झालं,
कुणीतरी हसलं.
पहिल्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला,
म्हणाला, आई, डोकं ठणकतंय,
कधीपासून ठणकतंय गं?
मला काय माहीत.
मी त्याला काखेत धरून खाली आणला.

खाली गावकरवहिनी दारात उभ्या.
एक वर्ष त्या दारातून फारशा बाहेर येत नव्हत्या.
त्यांनी शाल त्याच्या अंगावर टाकली,
ओल्या केसांतला फेस पदरानं पुसला,
आणि त्याचे गाल दोन्ही हातांत धरून
उजेडाकडं वळवले.
पांढरे आहेत ना? त्यांनी मला विचारलं.
पांढरेच आहेत, वहिनी.
तरी त्यांनी हात काढले नाहीत.

गीझर भंगारात गेला. पत्रा मी स्वतः उचकटला,
खिळे वाकडे झाले, दोन फरश्या फुटल्या.

आता कबुतरं येतात. काड्या आणतात, घाण करतात,
मी रोज झाडते, रोज शिव्या देते.
निमिष म्हणतो, आई, फार वास येतो.

येऊ दे, म्हणते.