पाहिजे

माझगावच्या कोर्टात मी रोजंदारीवरची दुभाषी.
कानडी आणि मराठी. कधीमधी तेलुगू, तीही मोडकी.
माहेर जत तालुक्यातलं. तिकडे
भांडण एका भाषेत सुरू होतं नि दुसरीत मिटतं,
तेवढ्या भांडवलावर हे काम मिळालं.

मंगळवारी चौदा जणी आणल्या.
तेरा जणी हिंदीत बोलल्या.
चौदावी म्हणाली, येत नाही.
येत असणार. अकरा वर्षं या शहरात
भाव काय मुक्यानं केला?
नाव निंगव्वा. कागदावर वय बत्तीस.
पायात दोन जोडांतली एकेक चप्पल,
धाडीत हाताला लागली तशी.

व्हरांड्यात दोन संस्थांच्या दोन बायका.
एक म्हणत होती, हे काम आहे, कामाला काम म्हणा.
दुसरी म्हणत होती, ही विक्री आहे,
विकलेल्याला कोण मर्जी विचारतं?
दोघी खऱ्या वाटत होत्या, दोघी दमलेल्या,
आणि त्यांच्या मधून, जरा सरका म्हणत,
निंगव्वा पाण्याच्या पिंपाकडे गेली.

साहेबांनी विचारलं, स्वखुशीने की जबरदस्तीने?
फॉर्मवर दोन चौकोन होते.
मी कानडीत विचारलं. ‘खुशी’ म्हणताना
चुकून दुसऱ्याच्या घराची कडी वाजवल्यासारखं झालं.

ती म्हणाली, आधी ससून डॉकला कोलंबी सोलत होते.
हात बर्फात. नखं पांढरी पडून सुटायची.
तिथे नाही आला कुणी साहेब
खुशीनं सोलतेस का विचारायला.
मी हे जसंच्या तसं सांगितलं.
साहेब म्हणाले, ते झालं. मग इथे?

म्हणाली, पहिलं वर्ष सोडून विचारा.

मी थांबले. पंखा खडखडत होता.
पहिल्या वर्षाचं कानडीतसुद्धा काही आलं नाही.

चौथ्या वर्षी कर्ज फिटलं, ती म्हणाली.
घरवालीनं पेढे वाटले. मीही खाल्ले, दोन.
दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तोंड धुतलं
आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.
उभी राहा असं कुणी म्हणालं नव्हतं.

साहेबांचं पेन पहिल्या चौकोनावर आलं.
मग तूच सांग, का?
‘बेकु,’ ती म्हणाली.

आता बेकु म्हणजे हवं.
आणि बेकु म्हणजे भाग आहे, सुटका नाही.
भाकरी बेकु, मरबेकु, दोन्हीला एकच.
अठरा वर्षांत हा शब्द कधी अडला नव्हता.
मग आठवलं, मराठीतही आहे की असाच,
रोज तोंडात असतो.
म्हटलं, साहेब, ती म्हणते, पाहिजे.

पाहिजे म्हणजे? हवंय की करावं लागतं?
साहेब, पाहिजे.
कारकुनानं मान वर केली.
त्याला टंकायला एक खूण हवी होती, मला रोजी.

हुकूम निघाला, तीन आठवडे देवनारला,
तिच्याच संरक्षणासाठी.
संरक्षणाला कानडीत शब्द आहे.
मी नुसतं ‘ठेवणार’ म्हटलं.

गाडीत चढताना तिनं विचारलं,
काय सांगितलंस त्याला?
तू म्हणालीस तेच.
अगं, माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. चारला भिशी फुटते,
या खेपेला चिठ्ठी माझी. होगबेकु.
जायला पाहिजे.
मग पत्ता सांगितला, सलूनशेजारचा जिना, दुसरा मजला,
सुरेखा नावाची बाई, तिला म्हणावं पैसे धरून ठेव.
हे सगळं स्वच्छ हिंदीत.

मी व्हाउचरवर सही केली. रक्कम पावली.
पावणेपाच झाले तिथे पोचायला.
लाकडी जिना, दिवसाही दिवा,
आणि तिसऱ्या पायरीवर एक पोरगी बसलेली,
वीसची असेल, नसेलही,
पायाच्या नखांना रंग लावत.
मान वर न करता म्हणाली,
काय पाहिजे?