समजलं नाही

सोमवारी सकाळी सव्वानऊला
नेब्रास्का राज्य विरुद्ध वेंडेल कूचेरा.
मी बोटं यंत्रावर ठेवते.
बावीस कळा, चोवीस वर्षं.

एका बाजूला अख्खं राज्य:
प्लॅट नदी, तिच्या वाळूत उतरलेले करकोचे,
ऐंशी नंबरचा हायवे, धान्याच्या उंच टाक्या,
अठरा-वीस लाख माणसं, पैकी बरीच अजून झोपेत.
दुसऱ्या बाजूला नारिंगी कपड्यातला एक,
पायात तुरुंगाच्या रबरी चपला,
उजवी एक नंबर मोठी.

आरोप असा, की शेतात पाणी फिरवणाऱ्या यंत्राची
चारशे फूट तांब्याची तार चोरली.
नवी म्हणून मोजली तर दीड हजार डॉलरच्या वर, गंभीर गुन्हा.
भंगार म्हणून मोजली तर खाली, किरकोळ.
रात्र तीच, माणूस तोच.
तारेची किंमत कोण लावणार
हे अजून ठरायचंय.

न्यायाधीश हॉल्मक्विस्ट हक्क वाचतात
एकोणतीसचा पाढा म्हणावा तसे,
थांबलं की चुकतं म्हणून न थांबता:
गप्प राहण्याचा हक्क, वकिलाचा हक्क,
ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं,
साक्षीदाराला समोर उभं करून उलट विचारण्याचा हक्क,
बारा जणांपुढे खटला,
सिद्ध होईपर्यंत निर्दोष.
समजलं?

या प्रश्नाचं उत्तर 'हो' असतं.
इतके 'हो' टिपलेत मी
की बोट आधीच तिकडे वळतं.
तापानं फणफणलेल्या माणसानं हो म्हटलंय.
गेल्या शुक्रवारी एका पोरानं,
ज्याला आमची भाषा येत नव्हती,
हो म्हटलं आणि वर हसला.

कूचेरा म्हणाला, "नाही."

'हो' उमटला होता. खोडावा लागला.

"गप्प बसायचा हक्क आहे म्हणता
आणि लगेच विचारता, समजलं का.
मी बोललो. मग आता गेला का तो?"
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
"आणि राज्य म्हणजे कोण?
माझी आत्या शाळेची बस चालवते.
तीपण माझ्या विरुद्ध?"
आत्या तिसऱ्या बाकावर होती.
तिनं पर्स उघडली,
काहीच न काढता बंद केली.

यादीत अजून एकतीस नावं.
हॉल्मक्विस्टनी चश्मा काढला.
चश्म्याशिवाय ते कुणाचे तरी काका दिसतात.

"गेला नाही," ते म्हणाले, "तो वापरून संपत नाही.
आत्ता बोललात, पुढच्या क्षणी गप्प होऊ शकता.
आणि गप्प झालात म्हणून
त्या बारा जणांना तुम्हाला चोर ठरवता येत नाही.
मलाही नाही.
पण तारेबद्दल मला एक अक्षर सांगू नका.
आधी वकील."

मग म्हणाले, "राज्य म्हणजे,"
आणि थांबले.
थांबण्यासाठी माझ्या यंत्रात कळ नाही.
"सिद्ध करायचं ओझं ज्याच्या डोक्यावर, ते राज्य.
तुम्हाला काहीच सिद्ध करायचं नाही."
आत्याबद्दल ते बोलले नाहीत.

"आता समजलं?"
"थोडं."

'हो'ला माझा एक ठोका पुरतो.
'थोडं' अक्षर अक्षर जोडून लिहिलं.

आमच्या घरी गप्प बसणं म्हणजे कबुली.
बरणी फुटली होती, लोणच्याची, भावाच्या हातून.
वडील तीनपर्यंत मोजत
आणि मग पट्टा.
मी नऊ वर्षांची, तोंड मिटून उभी.
मला कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं.

दहा वाजता इनेस बाल्डेरास आली,
सरकारी खर्चाची, बुटांना बर्फ,
काखेत फायलींचा ढीग.
त्याच्या कानाशी काही बोलली, ते नोंदीत नसतं.
त्यानंतर सरकारी वकील किमतीचं काहीसं म्हणाला,
कूचेराकडे बघून.

कूचेरानं ओठ मिटले.
अगदी सावकाश, नवी वस्तू हाताळावी तसे.
मी लिहिलं: उत्तर नाही.
आणि पुढचं नाव पुकारेपर्यंत
बोटं उचलून धरली.